ज्येष्ठातली पौर्णिमा

"आठवा लागलाय वो बाई. आठव्यात कळा म्हंजी..." शेवंताबाईंनी पुढचं वाक्य गिळलं.

"नववा, शेवंताबाई," मी म्हटलं. "किती वेळा सांगू? कार्डावरची तारीख काय मी माझ्या पदरची लिहिलीय?"

बुधवार होता, लसीकरणाचा दिवस. धामणवाडीच्या उपकेंद्राच्या ओट्यावर सात-आठ बाया लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि मी आतबाहेर करत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. देवकरांची जीप दारात थांबली आणि त्यांची सून मोहिनी एक हात कमरेवर आणि एक हात सासूच्या, शेवंताबाईंच्या, खांद्यावर ठेवून उतरली. मागून तिचे सासरे हणमंत पैलवान उतरले. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. वय साठीच्या पुढं, कान कुस्तीत चेपलेले, मान जुन्या चिंचेच्या बुंध्याएवढी. बायकांच्या जागेत यायला संकोचले आणि ओट्याच्या कडेला उभे राहिले.

मोहिनीला मी टेबलावर झोपवलं. पहाटेपासून पोट दगडासारखं कडक होत होतं आणि सोडत होतं. आता दर दहा मिनिटांनी. ताप नव्हता, पाणी गेलेलं नव्हतं, रक्तदाब बरा होता. कार्ड उघडलं. माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं. मीटिंगमध्ये साहेब माझी कार्डं उचलून इतर सिस्टरांना दाखवायचे. शेवटची पाळी २९ मे. आज ६ फेब्रुवारी. बोटांवर मोजायचीही गरज नव्हती, छत्तीस आठवडे आणि एक दिवस.

"काही घाबरायचं नाही," मी मोठ्यानं सांगितलं, ओट्यावर आबांनाही ऐकू जावं म्हणून. "नववा महिना चालू आहे. थोडं आधी येईल, पण तयार आहे बाळ."

"तयार कसं?" शेवंताबाई पुटपुटल्या. "आठवा हाय."

ही बाई मला गेले चार महिने छळत होती. मोहिनीचं डोहाळजेवण झालं तेव्हा मी पुरणपोळी खाता खाता म्हटलं होतं, शेवंताबाई, उशीर केलात, सातवा कधीच सरला. तर म्हणे, न्हाय बाई, आत्ता कुठं लागलाय. मी हसले होते. चार बायकांपुढं म्हटलंही होतं, की तुम्ही चंद्रावर मोजता, आम्ही कागदावर. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

मोहिनीच्या पोटावर हात ठेवला. पोट लहान होतं, नेहमीसारखंच. गर्भाशयाची उंची टेपनं मोजली आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं.

"बघ. किती लहान आहे पोट. किती सांगितलं, खात जा म्हणून. शेंगदाण्याचे लाडू केलेस की नाही?"

"केलं की बाई," मोहिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "रोज दोन खाते. आत्या समोर बसून चारतात."

सासूला ती आत्या म्हणायची. एकवीस वर्षांची पोर. डिसेंबरात तालुक्याला सोनोग्राफी झाली तेव्हा रिपोर्टात आलं होतं, की बाळ तारखेच्या मानानं चार आठवडे लहान दिसतंय, वाढीवर लक्ष ठेवा. तेव्हा आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला डॉक्टर नव्हते. रिपोर्ट मीच वाचला आणि निदानही मीच केलं, पोरगी खात नाही. त्या दिवसापासून ती दिसली की मी तिला बोलत होते. पाण्यावर, रस्त्यात, देवळापाशी. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची.

"तिला कशाला बोलताय?" शेवंताबाई म्हणाल्या. त्या टेबलाच्या पायथ्याशी सुनेचे तळवे चोळत होत्या. "तिचं काय चुकलं न्हाय. मलाच तवा चुकचुकलं हुतं. लगीन झाल्यावरची पहिली वटपौर्णिमा आणि पोरगी वडाला गेली न्हाय. आदल्या रात्री हिरव्या बांगड्या भरलेल्या, आंबे आणून ठेवलेले, आणि सकाळी उठून बघते तर बाहेरची झाली. म्या एकटीच गेले. तिच्या वाटणीचा दोरा तसाच घरात हाय."

"होतं असं, शेवंताबाई. त्याचा काय संबंध?" मी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होते.

"संबंध न्हाय कसा? त्याच्यानंतर ती बाहेरची झालीच न्हाय की."

मी पट्टा गुंडाळायची थांबले.

"म्हणजे तीच शेवटची पाळी?"

"मंग कवाची? तुमास्नी सांगितलं न्हवतं का म्या? कार्ड करताना. जेठातली पुनव म्हणून."

सांगितलं होतं. शब्द न शब्द आठवला. ऑक्टोबरात आल्या होत्या दोघी. तिसरा सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही ही घरोघरची रीत, म्हणून उशिरा आल्या होत्या. मोहिनी लाजून पदराशी चाळा करत होती आणि मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सासू देत होती. शेवटची पाळी कधी? जेठातल्या पुनवंला. मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं चाळत गेले, ज्येष्ठ सापडला, पौर्णिमा सापडली, २९ मे. सुंदर अक्षरात लिहून टाकली.

कॅलेंडर त्याच खिळ्याला होतं. आमच्याकडं नवं कॅलेंडर जुन्यावरच टांगतात. मी नवं वर केलं, जुन्याची पानं चाळली. घाईत मे महिन्याचं पान खालून फाटलं.

२९ मे, पौर्णिमा. आणि वरती बारीक अक्षरात, अधिक ज्येष्ठ.

पुढचं पान. २७ जून. वडाच्या झाडाचं छोटं चित्र आणि खाली वटपौर्णिमा.

त्या वर्षी धोंड्याचा महिना ज्येष्ठात आला होता. दर तिसऱ्या वर्षी पंचांगात एक महिना जादा घालतात, तो. म्हणजे त्या वर्षी ज्येष्ठ दोन होते, आणि पौर्णिमाही दोन. शेवंताबाईंनी सणाची सांगितली होती. मी धोंड्यातली लिहिली होती. माझ्या अख्ख्या गावात हे न कळणारी बाई एकच निघाली असती, आणि ती सरकारनं शिकवून ठेवलेली.

"मोहिनी," मी विचारलं, "धोंड्याच्या महिन्यात जावई माहेरी गेले होते का गं तुझ्या? धोंडे खायला?"

"न्हाई," ती म्हणाली. तिचा नवरा फौजेत होता, तेव्हा कुठंतरी बर्फात. "सुट्टी कुठं मिळाली? आईनं सगळं करून ठेवलं आणि जावईच न्हाई. वटपौर्णिमेनंतर आठ दिवसांनी आले हे."

आता काही शंकाच उरली नाही. माझ्या कार्डाप्रमाणं हे मूल बाप घरी यायच्या आधीच पोटात होतं, आणि चार महिने ते कार्ड दर भेटीला उघडून मी त्यावर सुंदर अक्षरात वजनं लिहीत होते.

छत्तीस नव्हे, बत्तीस. आज बरोबर बत्तीस आठवडे पूर्ण. शेवंताबाईंचा आठवा महिना खरा होता.

आणि छत्तीस आणि बत्तीस यांत काय फरक आहे हे मला चांगलं माहीत होतं. बत्तिसाव्या आठवड्याच्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात. चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर आईला डेक्साचं, म्हणजे एका स्टेरॉईडचं, इंजेक्शन देतात, बाळाची फुप्फुसं लवकर पिकावीत म्हणून. एकूण चार, बारा बारा तासांनी. पहिलं जितकं लवकर तितकं चांगलं, म्हणून रुग्णालयात पाठवायच्या आधी उपकेंद्रावरच द्यायचं. इंजेक्शन माझ्या कपाटात होतं. पण छत्तीस आठवड्यांच्या कार्डावर ते कुणी द्या म्हणणार नव्हतं.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बाळाआधी मीच आठवले. अठरा वर्षांची नोकरी, साहेबांनी उचलून दाखवलेली कार्डं. मनात आलं, डॉक्टरांना सांगावं की सासूनं तारीख चुकीची दिली. कोण विचारणार होतं? अडाणी बाई, मोजते चंद्रावर. शेवंताबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं, त्या फक्त तळवे चोळत होत्या.

मी फोन लावला. केंद्रात महिन्यापूर्वी नवीन डॉक्टर आल्या होत्या, डॉ. नाझिया सय्यद. वयानं माझ्या भाचीएवढ्या. मोहिनीला पुन्हा कळ आली म्हणून एक हात तिच्या पोटावर होता, त्यामुळे फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"मॅडम, धामणवाडीहून खरात. पहिलटकरीण आहे, दर दहा मिनिटांनी कळा. ताप नाही, पाणी गेलेलं नाही. कार्डावर छत्तीस आठवडे लिहिलेत, पण ते चूक आहे. बत्तीस आहेत."

"चूक म्हणजे? त्यांनी तारीख चुकीची सांगितली?"

"नाही. त्यांनी बरोबर सांगितली होती. मी चुकीची लिहिली." मी अधिक महिन्याचं सांगितलं. सोनोग्राफीचं सांगितलं. नवऱ्याच्या सुट्टीचंही.

"गर्भाशयाची उंची?"

"बत्तिसालाच जुळते, मॅडम. मी इतके दिवस तिला वाढ कमी म्हणत होते."

"बरं. ते नंतर बघू. स्टेरॉईडचा पहिला डोस आत्ता द्या. मी एकशेआठला फोन करते, थेट जिल्ह्याला पाठवू, तिथं लहान बाळांचा विभाग आहे. वेळ लिहून द्या चिठ्ठीवर. आणि सिस्टर, कळलं ते बरं झालं."

फोन बंद झाला आणि दारात उजेड अडला. आबा उभे होते.

"काय म्हणल्या त्या? कसलं विंजेक्शन?"

आमच्याकडं सगळ्या इंजेक्शनांना लोकांना सांगायचं एकच नाव असतं, ताकदीचं. मी तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी ऐकलं होतं.

"स्टेरॉईड म्हणल्या," आबा म्हणाले. "म्या भैरा न्हाय. माझ्या घरात ते चालायचं न्हाय."

धामणवाडी कुस्तीचं गाव. तालमीच्या दारावर आबांनी स्वतः रंगवून घेतलेली पाटी होती, इंजेक्शन घेणाऱ्याला आखाड्यात प्रवेश नाही. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा सख्खा पुतण्या किसन, आबांनी घडवलेला, शहरातल्या कुणाच्या नादानं अंग फुगवायची इंजेक्शनं घेऊ लागला. दोन वर्षं मैदानं मारली. तिसऱ्या वर्षी किडन्या गेल्या. आबांनी त्याचं प्रेत खांद्यावरून आणलं होतं.

"आबा, ती इंजेक्शनं वेगळी," मी म्हटलं. "ती अंग फुगवायची. ही त्या जातीची नव्हेत. हे औषध आपल्या शरीरात आपोआप तयार होणाऱ्या रसासारखंच आहे. दिवस भरत आले की बाळाला ते मिळतंच. हे बाळ घाई करतंय, म्हणून आपण आधी द्यायचं."

"किसन्याला बी असंच सांगितलं हुतं. अंगातलंच हाय म्हणून."

कपाटावर लसींबरोबर आलेल्या नव्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा होता. त्यातली एक ओढली.

"ही कोरी पिशवी बघा. हिची तोंडं चिकटलेली असतात की नाही? फुंकर मारली तरी उघडत नाही, दहा वेळा चोळावी लागते. कच्च्या बाळाची छाती अशी असते आतून. श्वास घेतला की उघडते आणि सोडला की पुन्हा चिकटते. दर श्वासाला नव्यानं जोर लावावा लागतो. लेकरू थकतं. ह्या इंजेक्शनानं आतून ओलावा सुटतो, चिकटत नाही. एवढंच करतं ते."

"थकतं," शेवंताबाई म्हणाल्या. तळवे चोळायच्या थांबल्या होत्या. "व्हय. थकतं."

आम्ही दोघांनी त्यांच्याकडं बघितलं.

"माझा पहिला आठमाशी हुता," त्या मला म्हणाल्या, पण बघत नवऱ्याकडं होत्या. "तुमी शिराळ्याच्या मैदानाला गेल्ता. दीड दिस हुता. नाकपुड्या अशा उडायच्या. छाती आत जायची, भायेर यायची. सुईण म्हणली, आठव्याचं न्हाय जगत. पर त्याला जगायचं हुतं वो. लई जोर लावला त्यानं. दमला आणि ऱ्हायला."

आबांना हे माहीत असणारच. पण एवढं सगळं कधी ऐकलं नसावं असं त्यांच्या तोंडावरून दिसलं. मग ते मला म्हणाले,

"तुमी मघाशी वरडून सांगितलं, नववा हाय, घाबरू नगा. आता म्हणताय आठवा. तासाभरात म्हैना बदलला. उद्या म्हणाल, विंजेक्शन चुकून दिलं. तुमच्या कुठल्या बोलण्यावर इस्वास ठेवू?"

प्रश्न रास्त होता. ओट्यावरच्या बायकांचे कान आत लागले होते, एक लेकरू तेवढं रडत होतं.

"आबा, चूक माझी आहे," मी म्हटलं. "शेवंताबाईंनी ज्येष्ठातली पौर्णिमा सांगितली, मी धोंड्यातली लिहिली. चार महिने त्या मला सांगत होत्या आणि मी त्यांना हसत होते. सोनोग्राफीनं सांगितलं, मी ते मशीनचं बोलणं उलटं वाचलं. पोट सांगत होतं, मी ह्या पोरीला उपाशी ठरवलं. आता सगळं जुळतंय. सण जुळतोय, तुमच्या मुलाची सुट्टी जुळतेय, मशीन जुळतंय. न जुळणारं एकच होतं, माझं अक्षर. मी उद्या वर लेखी कळवणार आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पण आज हे इंजेक्शन दिलं नाही तर ती चूक माझी एकटीची राहणार नाही."

बोलताना माझा आवाज फाटला. अठरा वर्षांत मी त्या गावात रडले नव्हते. त्या दिवशी सात-आठ बायकांदेखत रडले.

आबा आत आले. टेबलापासून दोन हातांवर थांबले.

"चाळीस वर्सं आखाड्यात हाय," ते म्हणाले. "पाठ मातीला लागली तरी उठून न्हाय लागली म्हणणारे पैलवान शंभर बघितले. सोताहून लागली म्हणणारा अजून बघायचा हुता." मग सुनेकडं वळले. "पोरी, अंग तुझं, लेकरू तुझं. तू सांग. तू म्हणशील ते."

मोहिनीनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही सगळं फेडून घेणार. घ्यायलाच हवं होतं.

"बाई," तिनं विचारलं, "म्हंजी माझं बाळ बारीक न्हाई?"

"नाही गं. वयानं लहान आहे. त्याच्या वयाला हवं तेवढंच आहे, अगदी बरोबर."

"माझ्या खाण्यानं काय झालं न्हाई?"

"तुझ्या खाण्यानं ते नीट वाढलंय."

ती हसली. कळ येत असताना हसणारी बाई मी त्याआधी बघितली नव्हती आणि पुढंही बघितली नाही.

"मंग द्या," ती म्हणाली आणि स्वतःच कुशीवर वळली.

दीड मिली औषध. सुई हातात आली की हाताला त्याचं काम ठाऊक असतं. बारा वाजून दहा मिनिटं. चिठ्ठीवर वेळ लिहिली. कार्डावरची २९ मे लाल पेननं खोडली, २७ जून लिहिली, बाजूला लिहिलं, नोंद करणारीची चूक, आणि खाली सही केली. इतकं वाकडं अक्षर माझं कधी आलं नव्हतं.

रुग्णवाहिका आली. शेवंताबाई सुनेबरोबर चढल्या. दार लावता लावता त्यांनी मला विचारलं, "आठव्याचं जगतं का वो बाई? खरं सांगा."

"जगतं," मी म्हटलं. "सातव्याच्यापेक्षा आठव्याचं जास्त जगतं. सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही, ही म्हण कुणीतरी चुकीची लिहून ठेवलीय."

"तुमच्यासारखी," त्या म्हणाल्या. आणि एवढ्या गडबडीत मला हसवून गेल्या.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. कळा थांबवायच्या गोळ्या दिल्या, उरलेली तीन इंजेक्शनं तिथं वेळच्या वेळी झाली, एवढं डॉ. सय्यद फोनवरून सांगत होत्या. मी माझा खुलासा लिहून त्यांच्याकडं दिला होता. त्यांनी तो वाचला, खिशात ठेवला आणि म्हणाल्या, पाठवायचा तर पाठवेन, पण आधी तुम्ही पुढच्या मीटिंगला हे सगळ्या सिस्टरांना उभं राहून सांगा. त्यांच्या कॅलेंडरातही दोन ज्येष्ठ आहेत. मी सांगितलं. त्या महिन्यात तालुक्यात अशीच आणखी तीन कार्डं सापडली. खुलासाही पुढं गेला, वार्षिक शेरा त्या वर्षी जरा खाली आला. माझी तक्रार नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाई, शेवंता बोलतेय. ऐका."

आधी काहीच ऐकू येईना. भांड्यांचा आवाज, कुणाची तरी हाक. मग आलं. बारीक, पण चिडकं, एकदा थांबून पुन्हा, पुन्हा, कुणीतरी झोपेतून उठवल्याचा राग आल्यासारखं.

"पोरगी हाय," शेवंताबाई म्हणाल्या. "पावणेदोन किलो. पेटीत ठेवायला नेत्यात. डागतर म्हणत्यात, नळी घालायची गरज न्हाय, नुसता वारा देऊ नाकाला. सोता वढतीया बाई. सोता श्वास वढतीया."

मी उपकेंद्राच्या पायरीवर बसले आणि फोन कानाला लावून नुसतं रडणं ऐकत राहिले. त्या दिवशी किती पैसे गेले असतील शेवंताबाईंचे देव जाणे, त्यांनी फोन ठेवलाच नाही.

त्यानंतर मी सहा वर्षं नोकरी केली. एकाही बाईला नुसती तारीख विचारली नाही. विचारायची, त्या दिवशी काय होतं? कुठला सण चुकला, कुणाचं लग्न हुकलं, कुठल्या देवळात बाहेर उभी राहिलीस? बायकांना तारखा आठवत नाहीत, पण जे हुकलं ते पक्कं आठवतं. आणि उत्तर सासू द्यायला लागली की सासूचं ऐकायची, मग सुनेलाही विचारायची.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. गाव सोडून लेकीकडं राहायला जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आबांचा निरोप घ्यायला तालमीत गेले. बायकांनी तालमीत जायची रीत नव्हती, पण आता आखाड्यात मुलीही उतरत होत्या, मग मला कोण अडवतंय. आबा बाकावर बसून बैठका मोजून घेत होते. पलीकडं मुलींच्या रांगेत सगळ्यात शेवटी, सगळ्यात बुटकी, पहिलीतली एक पोर लाल मातीनं माखून बैठका मारत होती. तिच्या शेजारची थांबली, पलीकडची थांबली, ही थांबेना.

"दम बघा," आबा म्हणाले. एवढंच म्हणाले.

"बघतेय," मी म्हटलं. मग मला राहवलं नाही. "पण आबा, तुमच्या पाटीचं काय? हिनं तर जन्माच्या आधीच इंजेक्शन घेतलंय. चार."

आबांनी मिशीतल्या मिशीत हसून हाक मारली, "ओवी, हिकडं ये. बाईंस्नी दारावरची पाटी वाचून दाखव. वाचाय येतं म्हणतीस न्हवं."

ओवी धावत आली. मला दाराशी नेलं. पाटी जुनीच होती, पण खाली वेगळ्या रंगात, वेगळ्या हातानं एक ओळ भरलेली होती. सहा वर्षं मी त्या रस्त्यानं येत-जात होते आणि तालमीच्या दाराकडं बघायचं नाही या रीतीपायी कधी मान वर केली नव्हती. पोर बोट फिरवत वाचू लागली, एकेक अक्षर लावत.

"इं-जे-क्शन घे-णाऱ्याला... आखा-ड्यात... प्रवेश नाही." मग खालची ओळ. "खरात-बाईंचं... सोडून."

तिनं माझ्याकडं बघितलं. "खरातबाई कोण वो?"

मातीनं भरलेली तिची छाती वर-खाली होत होती, सहज, काही विचार न करता.

"सांगते," मी म्हटलं. "आधी पुन्हा एकदा वाच. न थांबता, एका दमात."

तिनं छाती भरून श्वास घेतला आणि वाचलं.